पाठमोरी ओळ

आमचं दोह्यातलं घर फार गोंगाटाचं होतं. बिन महमूदमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक लांबट हॉल. खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, टीव्ही मोठ्यानं लागलेला असायचा, स्वयंपाकघरात आईचा कुकर, आणि खाली चहाच्या टपरीसमोर गाडीतच बसून करक चहासाठी हॉर्न वाजवणारी माणसं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की विचारायच्या, तुम्ही लोक एकमेकांशी एवढ्या मोठ्यानं का बोलता? मी सांगायचे, आम्ही सिन्नरचे, आमच्याकडे असंच बोलतात. मला ते खरंच वाटायचं. आई माझ्याशी साध्या आवाजात बोलायची, पण पप्पांशी बोलताना तिचा आवाज चढायचा. तो तिचा राग आहे, असं मी दोन-तीन वर्षं धरून चालले होते.

पप्पा रास लफानला गॅसच्या प्लांटवर ऑपरेटर होते. चार दिवस ड्यूटी, चार दिवस सुट्टी. ड्यूटीच्या दिवशी कंपनीची बस पहाटे घ्यायला यायची आणि अंधार पडता पडता आणून सोडायची. आल्यावर त्यांच्या कपाळावर हेल्मेटचा लाल वळ असायचा. ते हातपाय धुऊन टेबलाशी बसायचे, नेहमी एकाच खुर्चीवर, जिथून दार आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसतं. सिन्नरहून आणलेलं बाजरीचं पीठ असेपर्यंत भाकरी, ते संपलं की खालच्या बेकरीतल्या गरम अरबी रोट्या, खुबूस, आणि पिठलं. खुबूस मोडून पिठल्यात बुडवताना ते माझ्या तोंडाकडे बघत आणि दिवसभरात काय झालं ते सांगायला लावत. इतकं टक लावून आपलं बोलणं ऐकणारा बाप माझ्या एकाही मैत्रिणीला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता.

अकरावीत असताना माझी डॉरीन मॅडमशी गाठ पडली. त्या आमच्या शाळेत संगीत शिकवायच्या. साठीच्या, उंच, सपाट बुटांच्या, अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातून आलेल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये त्या नाच घ्यायच्या. कुणीही यावं, नाचता येत नसलं तरी चालेल, असा तो नाच. त्याला कॉन्ट्रा म्हणतात. दोन लांब ओळी समोरासमोर उभ्या राहतात. शेजारशेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट होतो. चौसष्ट मात्रांमध्ये त्या चौघांनी काही साध्या हालचाली करायच्या, आणि शेवटी प्रत्येक जोडी एक जागा पुढे सरकते. समोर नवी जोडी येते, आणि पुन्हा तेच पहिल्यापासून. तासाभरात हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येकाला तुम्ही एकदा भेटलेले असता. पाठ काहीच करावं लागत नाही, कारण एक जण माइकवर पुढची हालचाल आधीच सांगत असतो. त्याला कॉलर म्हणतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं शर्टाची का, म्हणून विचारलं होतं.

मी तिथे गेले ती खुर्च्या मांडायला. नाचायची मला लाज वाटायची; वर्गात सगळ्यांत उंच मीच आणि माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नसे. भिंतीशी उभी राहून मी बघत राहायचे. एका नाचात दर फेरीला माणसं एकाच जागी अडखळत होती. मॅडम हसून पुन्हा सांगत, आणि माणसं पुन्हा तिथेच अडखळत. संपल्यावर मी भीतभीत त्यांना म्हटलं की माणसांची चूक नाही, नाच चुकीचा लिहिलाय. आधीच्या हालचालीत उजवा हात धरलेला असतो आणि पुढचीही उजव्यानंच सुरू होते, मग हात सुटणार कसा? त्यांनी खिशातून तो नाच लिहिलेलं कार्ड काढलं, बराच वेळ त्याकडे बघितलं, आणि कार्डाबरोबर पेन्सिलही माझ्या हातात दिली.

त्या वर्षी मी लिहिलेले नाच मोजले तर तीसेक भरतील. अवघड काही नाही. उलट मॅडमचा आग्रह असा की सोपं लिही. दमून आलेली नर्स, नातवाला घेऊन आलेले आजोबा, आयुष्यात कधी न नाचलेला अकाउंटंट, यांना पहिल्या दोन मिनिटांत जमलं पाहिजे. आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती. येणाऱ्या बऱ्याच बायकांना परक्या पुरुषाचा हात धरायचा नसायचा आणि त्या तसं बोलूनही दाखवत नसत, नुसत्या यायच्या बंद होत. म्हणून मी हात न धरायचे नाच लिहायला लागले. समोर चालत जा, टाळी वाजवा, एकमेकांना पाठीमागून वळसा घालून जागेवर या, ओढणीचं किंवा रुमालाचं टोक धरून फिरा. मॅडमनी मला बोलायचं कसं तेही शिकवलं. सूचना हालचालीच्या आधी संपली पाहिजे, म्हणजे पाऊल तालावर पडतं. आणि माणसांना नाच आला की हळूहळू शब्द कमी करत गप्प व्हायचं. मी आजही हे काम करते, नाशिकमध्ये, एका शाळेच्या हॉलमध्ये, महिन्यातून एकदा. पण आता सुरुवातीची दहा मिनिटं मी नाच बघतच नाही. इतरांकडे बघून मग वळणारं कोण आहे, तेवढंच शोधत असते.

नाच जुळवायला पप्पा माझ्या मदतीला असायचे. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणाचं टेबल पुसून आम्ही त्यावर खजुराच्या बियांच्या दोन ओळी मांडायचो. उभ्या बिया पुरुष, आडव्या बायका. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवायचे आणि ते एका बोटानं बिया सरकवत नाच चालवून बघायचे. आयुष्य पाइपांचे नकाशे वाचण्यात गेलेलं, त्यामुळे कोण कुठे अडकणार ते त्यांना माझ्याआधी दिसायचं. इथे बॅकप्रेशर येतंय बघ, म्हणायचे, या बाईला बाहेर पडायला वाटच नाही. मग आम्ही तिला वाट काढून द्यायचो. मी त्यांना नाच तोंडी सांगायला लागले की ते म्हणत, सांगू नकोस, लिहून दे, मला वाचून कळतं. मला वाटायचं, इंजिनियरिंगवाल्यांची सवय.

मी बारावीत गेले त्या वर्षी दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात असा नाच ठेवायचा, हे ठरलं बर्वे काकांमुळे. बर्वे काका पुण्याचे, पप्पांच्याच प्लांटवर सेफ्टी इंजिनियर, आणि त्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी. ते आणि काकू एकदोनदा शुक्रवारी येऊन गेले होते. त्यांनी मला विचारलं, मराठीतून घेशील का? मी आठवडाभर शब्द शोधत होते. पाठीला पाठ. चौघांचं कडं. ओळी पुढे, ओळी मागे. इंग्रजीपेक्षा ते छोटे आणि तालात बसणारे निघाले. पहिल्यांदाच मी एकटीनं माइक धरणार होते, आणि पप्पांनी समोर असावं असा मी हट्टच धरला.

आईनं नाही म्हटलं. त्यांना शिफ्टचा थकवा असतो, म्हणाली. त्या दिवशी सुट्टी आहे, मी म्हटलं. मग म्हणाली, त्यांना गर्दी सोसत नाही. मग म्हणाली, चारचौघांत नाचायचं त्यांचं वय आहे का? दर वेळी नवं कारण. मला तिचा संताप आला. तिला माझ्या नाचाची लाज वाटते, आम्हा दोघांचं टेबलावरचं जमतं ते तिला बघवत नाही, असं काहीबाही मी बोलले. सतरा वर्षांच्या मुलीला जे जे लागेल असं बोलता येतं ते सगळं बोलले. आई ओट्याकडे तोंड करून कणीक मळत राहिली. शेवटी पप्पाच म्हणाले, मी येतो की, त्यात काय. त्यांनी माझ्याकडून मेळाव्यातल्या दोन्ही नाचांची कार्डं मागून घेतली आणि तीन दिवस बसच्या प्रवासात वाचून पाठ केली. आईला मात्र तिनं त्यांच्या शेजारीच राहायचं असं त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं. मला ते प्रेमाचं वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी मला तिसरा नाच सुचला. खरं तर तो नाच नव्हताच, खेळ होता. दोन्ही ओळींनी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे आणि संगीत चालू असताना थांबायचं. मी कधी सांगेन ते कुणालाच ठाऊक नाही. मी ‘वळा’ म्हटलं की सगळ्यांनी गर्रकन वळायचं, पुढे यायचं, आणि जो समोर येईल त्याला टाळी द्यायची. मॅडमना दाखवला असता तर त्यांनी मात्रा बिघडतात म्हणून काढून टाकायला लावला असता. मी त्यांना दाखवला नाही. आणि पप्पांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्यांनाही सांगितलं नाही.

पहिले दोन नाच इतके छान झाले की मला माझाच आवाज ओळखू येईना. चाळीसएक माणसं, बायका पैठण्या सावरत, काका लोक पोटं सावरत, आणि मी ‘ओळी पुढे’ म्हटलं की दोन्ही ओळी समुद्रासारख्या पुढे यायच्या. पप्पा सगळ्यांत नेमके नाचत होते. एकही पाऊल चुकलं नाही. आई त्यांच्या शेजारून हलली नव्हती. मग मी तिसरा खेळ समजावला. आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी. मी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. एका ओळीत बायका, समोरच्या ओळीत पुरुष अशी मी विभागणी केली, त्यामुळे आई हॉलच्या त्या बाजूला गेली. जाताना तिनं पप्पांना हातानं खूण करून सांगितलं, पाठ फिरवायची, डोळे मिटायचे. पप्पांनी मान डोलावली.

बाकीचे चोरून बघत होते, खिदळत होते. पप्पांनी मात्र खरोखर डोळे मिटले. मी स्टेजवरून बघत होते. ते टोकाला उभे होते, हात मागे बांधून, लाकडी जमिनीतून येणाऱ्या ठेक्यावर टाच हलवत. मी म्हटलं, “वळा.”

सगळे वळले, पप्पा सोडून. दोन्ही ओळी हॉलच्या मधोमध येऊन भिडल्या, टाळ्या झाल्या, आणि भिंतीशी एकटे पप्पा, पाठमोरे, टाच हलवत. लोक हसायला लागले. विलासराव झोपले वाटतं, कुणीतरी म्हणालं. मलाही ती गंमतच वाटली. मी माइकमध्ये म्हटलं, “पप्पा, वळा.” पुन्हा म्हटलं. मग हसतहसत माइक तोंडाच्या अगदी जवळ नेऊन ओरडले, तशी स्पीकरमधून अशी काही किंकाळी निघाली की सगळ्या हॉलनं कानांवर हात ठेवले. लहान मुलं रडायला लागली. पप्पांची टाच तेवढी हलत होती. मान नाही, खांदा नाही.

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. संगीत बंद करावं हे मला सुचलं नाही. आई हॉल ओलांडून गेली. घाईनं नाही, सावकाश, जणू रोजचंच काम असल्यासारखी, आणि तिनं त्यांच्या कोपराला हात लावला. पप्पांनी डोळे उघडले आणि तोंडभर हसत, टाळी द्यायला हात वर करून वळले. मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. हात वरच राहिला. बर्वे काका हसणाऱ्यांत कधीच नव्हते. ते पप्पांकडे बघत होते, आणि पप्पांनी सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच बघितलं.

घरात शिरल्यावर पप्पा खोलीत गेले आणि आईनं मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. तीन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे आणि मुलांचे, मग जवळजवळ सगळंच. कामावर कान झाकायची साधनं असायची; पण सहकाऱ्यांचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून पप्पा ती काढून ठेवायचे, विशीपासूनची सवय. दरवर्षीच्या कानांच्या तपासणीत ते काचेतून नर्सच्या बोटांकडे बघून बटण दाबायचे. ओठांवरून बोलणं ओळखायला त्यांचे ते शिकले होते. हे कळलं तर प्लांटवरचं काम जाणार, काम गेलं की व्हिसा जाणार, आणि माझी बारावी अर्धी राहिलेली. म्हणून कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही, कारण मी पोरगी, कुठेतरी बोलून जाईन.

“तीन वर्षं ह्या घरात मी दोघांसाठी ऐकलं,” आई म्हणाली. “आणि तू एका मिनिटात सगळ्यांना दाखवलंस.” आवाज चढलेला नव्हता. तिचा खरा राग कसा असतो ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्वे काका एकटेच आले. पप्पांच्या अगदी समोर खुर्ची ओढून, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसले आणि सावकाश बोलायला लागले. मी चहा घेऊन दाराशी थांबले होते.

“विलासराव, मला काल कळलं,” काका म्हणाले. “आता माहीत नाही असं मला करता येणार नाही.”

पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “सहा महिने द्या साहेब. हिची बारावी होऊ द्या.”

“आणि सहा महिन्यांत तिथे काही झालं तर? सायरन वाजला तर?”

पप्पांनी कपाळ चोळलं, हेल्मेट बसतं तिथे.

“उद्या तुम्ही स्वतः मेडिकलला जा. तुम्ही सांगितलंत तर ते वेगळं असतं, आणि मी सांगितलं तर वेगळं. परवापर्यंत मी थांबतो.” एवढं बोलून ते उठले. माझ्या हातातला चहा त्यांनी उभ्यानंच घेतला, दोन घोट प्यायले आणि कप परत देताना मला म्हणाले की यात तुझा दोष नाही. चांगला माणूस. पण त्या वाक्यानंच दोष माझा आहे हे पक्कं झालं, असं मला तेव्हा वाटलं.

पप्पा रविवारी स्वतः गेले. कंपनीनं वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. पण प्लांटवर परत पाठवणं शक्य नव्हतं आणि ऑफिसात बसण्याजोगं काम त्यांच्यासाठी नव्हतं. चार महिने मिळाले. मी शुक्रवारी जायची बंद झाले. डॉरीन मॅडम एकदा वर्गाबाहेर थांबल्या होत्या. काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी नुसतं माझं दप्तर बसपर्यंत धरलं. आई माझ्याशी बोलायची ती कामापुरतं, पानं घे, दोरीवरचे कपडे काढ. सामानाचे खोके बांधताना तिनं भांडी इतकी आदळली की मी बाहेर जाऊन बसले.

एका संध्याकाळी पप्पा बाल्कनीत येऊन माझ्याजवळ बसले. मी रडत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं आणि आपणच बोलले. त्यांचा आवाज त्यांना कळत नसे, म्हणून नेहमीप्रमाणे मोठ्यानं. शेजारच्या बाल्कनीतल्या बाईनं मान वळवली. मेळाव्याच्या आधी दीड महिना प्लांटवर एकदा गॅस गळतीचा सायरन झाला होता. सगळे बाहेर गेले. पप्पा पाठमोरे, व्हॉल्व्हशी काम करत होते. एक फिलिपिनो सहकारी डोकी मोजताना एक कमी दिसलं म्हणून परत आत आला आणि त्यांना खांद्याला धरून ओढत घेऊन गेला. गळती छोटी होती, निभावलं. पप्पांनी त्याला सांगितलं की कामात लक्ष होतं.

“त्याला दोन मुली आहेत,” पप्पा म्हणाले. “तो माझ्यासाठी आत आला होता. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.”

मग मी मेळाव्याला का आलो होतो माहितेय का, असं म्हणून ते तिथेच थांबले. मी पुन्हा कधी विचारलं नाही. ते उगाच माझ्या हट्टापायी आले की कुणीतरी आपल्याला पकडावं, कामावरून थांबवावं असं त्यांना वाटत होतं, हे मला आजही माहीत नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटत आली आहे.

आम्ही नाशिकला आलो. बारावी मी तिथे पुन्हा केली. पप्पांना कानाची यंत्रं बसवली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, बोल काहीतरी. मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्यांचा चेहरा आठवतो. म्हणाले, तुझा आवाज असा झालाय होय, मी तर चौदा वर्षांचीच धरून चाललो होतो. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी कळवळून दोन्ही यंत्रं काढून टाकली. पुढे ती पाहुणे आले तरच लावायचे. एका वर्कशॉपमध्ये त्यांनी बरीच वर्षं ड्रॉइंगं तपासायचं काम केलं, आणि सत्तरीत, झोपेतच गेले.

ते गेल्यानंतरच्या वर्षी मी आणि आई मेथी निवडत बसलो होतो. सायरनची गोष्ट मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. ती निवडत राहिली. मला वाटलं, ऐकलं नसावं. आता तिलाही कमी ऐकू यायचं.

मग म्हणाली, “घरात मी ऐकत होते. तिकडं प्लांटवर कोण ऐकत होतं, हे मी कधी विचारलंच नाही. विचारायची भीती वाटायची.” थोड्या वेळानं काड्या कागदात गोळा करत म्हणाली, “तू केलंस ते बरं केलंस, असं मी म्हणणार नाही. पण त्या मेळाव्यानंतर मला झोप लागायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याचाच मला तुझ्यावर जास्त राग होता.”

तिनं मेथीची पाटी माझ्याकडे सरकवली आणि धुऊन आण म्हणाली. मी उठले.